आधी घड्याळ तपासावे, मग माणूस



अमरावतीहून नागपूरकडे जाताना महामार्गावर गुरुकुंज मोझरी लागते. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी १९३५ मध्ये येथे आश्रम स्थापन केला. पहाटेचे सामुदायिक ध्यान आणि सायंकाळची सामुदायिक प्रार्थना यांनी येथील दिवस बांधलेला असतो. महाराजांच्या पुण्यतिथीस, अश्विन वद्य पंचमीला, दुपारी ४ वाजून ५८ मिनिटांनी हजारो माणसे स्तब्ध उभी राहून मौन श्रद्धांजली वाहतात. मिनिटाचा मान राखणाऱ्या या गावातील एका वृद्ध गृहस्थांवर वेळ कळत नसल्याचा आळ आला. त्याची हकिगत आज सांगावयाची आहे, कारण तो आळ आपल्यापैकी कोणाच्याही घरी येऊ शकतो.

हे गृहस्थ सेवानिवृत्त शिक्षक, वय ७९. अमेरिकेतील मुलाने त्यांना एक बिनतारी हवामानयंत्र भेट दिले होते. आत ठेवण्याचा मोठ्या अंकांचा पडदा, बाहेर टांगण्याचा छोटा संवेदक आणि ‘आपोआप वेळ लावणारे’ घड्याळ असा तो संच होता. मुलाने दिवाळीत येऊन तो स्वतः लावून दिला. चार महिने सारे सुरळीत चालले. मग मार्चमध्ये एके दिवशी आजोबा ध्यानासाठी निघाले ते तासभर आधीच. काळोखात एकटेच बसून राहिले. रात्रीचे जेवण आणि गोळ्याही ते तासभर आधी मागू लागले. घरातील इतर सर्व जण मोबाइलवर वेळ पाहणारे. त्यांना हे चमत्कारिक वाटले. “मी त घडी पाहूनच निघालो होतो, सूनबाई,” असे ते पुनःपुन्हा सांगत, आणि घरातील माणसे एकमेकांकडे पाहत. तीन आठवड्यांनी ते स्वतःच म्हणू लागले की, आपले डोके आता चालत नसावे.

डॉक्टरांनी त्यांना कागदावर घड्याळाची तबकडी काढून विशिष्ट वेळ दाखविण्यास सांगितले. स्मरणशक्तीच्या तपासणीत ही साधी चाचणी सर्रास वापरली जाते. आजोबांची तबकडी निर्दोष होती. तेव्हा डॉक्टरांनी विचारले, “आपण वेळ कोणत्या घड्याळात पाहता?” त्या एका प्रश्नाने उलगडा झाला. पडद्यावरील घड्याळ बरोबर एक तास पुढे होते.

घड्याळ पुढे का गेले?

अमेरिकेत मार्चच्या दुसऱ्या रविवारी पहाटे २ वाजता घड्याळे एक तास पुढे करतात आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी पुन्हा मागे घेतात. काही घड्याळांत हा नियम आतील दिनदर्शिकेतच भरलेला असतो. घड्याळ मोझरीत आहे की न्यू जर्सीत, हे त्याला ठाऊक नसते. ठरलेल्या रविवारी ते मुकाट्याने उडी मारते.

दुसरा प्रकार रेडिओ-संकेतावर चालणाऱ्या घड्याळांचा. जर्मनीत फ्रँकफुर्टजवळील माइनफ्लिंगेन येथून ७७.५ किलोहर्ट्झवर, अमेरिकेत कोलोराडो राज्यातील फोर्ट कॉलिन्स येथून ६० किलोहर्ट्झवर आणि जपानमधील दोन केंद्रांवरून ४० व ६० किलोहर्ट्झवर अचूक वेळेचा संकेत अहोरात्र प्रसारित होतो. घड्याळ रात्री तो पकडून स्वतःला दुरुस्त करते. जर्मन संकेताची पोच सुमारे २,००० किलोमीटर. मोझरी तेथून ६,००० किलोमीटरांहूनही दूर. भारतीय प्रमाणवेळ दिल्लीतील राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळा राखते. परंतु घरगुती घड्याळांसाठी असे दीर्घलहरी प्रसारण आपल्याकडे नाही. म्हणून अशा घड्याळावरील मनोऱ्याचे चिन्ह रात्रभर लुकलुकत राहिले, तरी त्यात बिघाड नाही. ते न येणाऱ्या संकेताची वाट पाहत असते, आणि त्या शोधात सेल मात्र लवकर संपतात.

तिसरी अडचण अर्ध्या तासाची. आपली वेळ जागतिक प्रमाणवेळेच्या साडेपाच तास पुढे आहे. कित्येक परदेशी घड्याळांत केवळ पूर्ण तासांचेच विभाग निवडता येतात. ५ निवडले तर घड्याळ अर्धा तास मागे, ६ निवडले तर अर्धा तास पुढे राहते.

उपाय पाच मिनिटांचा

१. घड्याळाच्या मांडणीत जाऊन संकेत-ग्रहण बंद करावे. बटनाजवळ मनोऱ्याचे अथवा लहरींचे चिन्ह असते.

२. उन्हाळी वेळेचा पर्याय बंद करावा. इंग्रजी पडद्यावर तो बहुधा ‘डीएसटी’ या तीन अक्षरांनी दर्शविलेला असतो.

३. वेळ, दिनांक आणि वर्ष हाताने भरावे. वेळ मोबाइलवरून घ्यावी. मात्र मोबाइलमधील ‘स्वयंचलित वेळ’ सुरू असल्याची खात्री करावी.

४. तारखेचा क्रम पाहावा. अमेरिकी पद्धतीत महिना आधी येतो. त्यामुळे ५ जून ही तारीख ६ मे अशी वाचली जाते. डॉक्टरांकडे जाण्याचा दिवस अशानेच चुकतो.

५. उन्हाळी वेळेचा पर्याय बंदच होत नसेल, तर ते यंत्र केवळ तापमानासाठी ठेवावे, वेळेच्या अंकांवर कागदाची पट्टी चिकटवावी आणि शेजारी साधे काट्यांचे घड्याळ लावावे. यात कमीपणा काही नाही.

भिंतीतील विजेवर चालणारे अमेरिकी घड्याळ असेल, तर दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. तेथील वीज सुमारे १२० व्होल्टची, आपली २३० व्होल्टची. उपकरणावर तसा उल्लेख पाहिल्याविना ते थेट जोडू नये. शिवाय तेथील विजेची वारंवारता ६० हर्ट्झ, आपली ५० हर्ट्झ. वारंवारतेवर चालणारे घड्याळ रूपांतरक लावूनही येथे दर तासाला दहा मिनिटे मागे पडते.

तापमानाचा आकडा किती खरा?

वऱ्हाडात तापमानाचा आकडा हा कुतूहलाचा विषय नव्हे. मे २०२४ मध्ये अकोला जिल्ह्यात उष्णतेपायी जमावबंदीचे कलम १४४ लागू करावे लागले होते. मैदानी प्रदेशात पारा ४० अंशांवर जाऊन सरासरीहून किमान साडेचार अंशांनी अधिक असेल, अथवा थेट ४५ अंशांवर पोहोचला असेल, तर भारतीय हवामान विभाग ती उष्णतेची लाट मानतो. ज्येष्ठांना तहान कमी जाणवते, घामही कमी येतो. म्हणून ‘बाहेर निघू नये’ हे शरीराऐवजी आकड्याने सांगितलेले बरे. परंतु त्यासाठी आकडा खरा हवा.

संवेदक उन्हात असेल, तर तो हवेचे नव्हे, स्वतःच्या तापलेल्या डबीचे तापमान सांगतो. टिनाच्या पत्र्याखालीही तीच गत. याउलट, कूलरजवळ टांगलेला संवेदक पारा कमी आणि आर्द्रता भलतीच अधिक दाखवितो, आणि ४४ अंशांच्या दुपारी आपणांस निर्धास्त करतो. दुसरी चूक अधिक घातक होय. संवेदक सावलीत, हवेशीर जागी, जमिनीपासून सव्वा ते दोन मीटर उंचीवर असावा. परदेशी माहितीपुस्तिका ‘उत्तरेची भिंत’ सुचविते. पण मोझरी कर्कवृत्ताच्या दक्षिणेस असल्याने मेच्या अखेरीपासून जुलैच्या मध्यापर्यंत माध्यान्हीचा सूर्य किंचित उत्तरेकडे असतो. त्या दिवसांत उत्तरेच्या भिंतीवरही ऊन येते. म्हणून वर छपराचा पुरेसा पुढावा हवाच.

एकक तपासावे. अमेरिकी यंत्र फॅरनहाइटमध्ये असते. १०४ हा आकडा पाहून एखाद्या आजींना तो घरात कोणाचा तरी ताप वाटावा. वस्तुतः ती ४० अंश सेल्सियस हवा असते.

पडद्यावरील ढगाच्या आणि सूर्याच्या चित्रावर विसंबू नये. ते चित्र हवेचा दाब वाढतो की घटतो एवढ्यावरच ठरते, आणि तो हिशेब समशीतोष्ण देशांसाठी बसविलेला असतो. आपल्याकडे दाब दररोजच सकाळी व रात्री दहाच्या सुमारास चढतो आणि दुपारी व पहाटे चारच्या सुमारास उतरतो. त्यामुळे निरभ्र दुपारीही ढग दिसू शकतो. तसेच अमरावती समुद्रसपाटीपासून सुमारे ३४३ मीटर उंच. तेवढ्याने दाबाचा आकडा सुमारे ३८ हेक्टोपास्कलने कमी दिसतो. तो बिघाड नव्हे. पावसाच्या आणि उष्णतेच्या इशाऱ्यासाठी नागपूरच्या प्रादेशिक हवामान केंद्राचे अंदाजच पाहावेत.

या यंत्राचा आतील आकडा मात्र फार उपयोगी. पडदा औषधांच्या कपाटाजवळ ठेवावा. अनेक औषधांच्या वेष्टनावर ‘२५’ अथवा ‘३० अंशांखाली ठेवावे’ अशी सूचना असते. मे महिन्यात आपली खोली ती मर्यादा केव्हाच ओलांडते. असे आढळल्यास औषधे कोठे ठेवावीत, हे औषधविक्रेत्यास विचारावे. इन्सुलिनच्या बाबतीत तर अवश्य. खोलीतच पारा ४० च्या वर गेला, तर नुसता पंखा शरीराला थंड करण्याऐवजी तापवितो, हेही लक्षात असावे. अशा वेळी अंग ओल्या पंचाने पुसावे आणि घरातील अधिक थंड खोलीत बसावे.

बाहेरचा आकडा नाहीसा झाला तर

पडद्यावर अंकांऐवजी आडव्या रेघा दिसल्या, अथवा सकाळ-दुपार एकच आकडा राहिला, तर संवेदकाशी संबंध तुटला आहे. दोन्हींतील सेल काढावेत. संवेदक आणि पडदा एकाच खोलीत, दोन-तीन मीटर अंतरावर ठेवावेत. आधी संवेदकात, नंतर पडद्यात नवे सेल घालावेत. जुना-नवा सेल एकत्र करू नये. पुनर्भारित होणारे सेलही बहुधा टाळावेत, कारण त्यांचा दाब दीड व्होल्टऐवजी १.२ व्होल्ट असतो. दोन्हींवर वाहिनीचा अंक एकच आहे ना, ते पाहावे. पंधरा मिनिटे कोणतेही बटन दाबू नये. आकडा आल्यावर संवेदक जागी न्यावा. तेथे पुन्हा नाहीसा झाला, तर मध्ये लोखंडी कपाट, पत्रा अथवा जाड भिंत आड येत आहे, पडदा सरकवावा. सेल गुढीपाडव्यास आणि दसऱ्यास बदलण्याचा नेम ठेवावा, म्हणजे स्मरणात राहते. सेल काढल्यावर घड्याळाची मांडणी बहुधा मूळपदावर जाते. वेळ आणि उन्हाळी वेळेचा पर्याय पुन्हा तपासावा. यंत्रात गोल चपटे सेल असतील, तर ते नातवंडांच्या हाती लागू देऊ नयेत. बालकाने तो गिळल्याची शंका आली, तरी तत्काळ रुग्णालय गाठावे.

घड्याळ बरोबर असूनही

या लेखाचा अर्थ असा घेऊ नये की, प्रत्येक विसर हा यंत्राचाच दोष. घड्याळ अचूक असूनही वेळ, वार, ठिकाण यांचा गोंधळ आठवडे टिकला, तर डॉक्टरांना अवश्य दाखवावे. आणि गोंधळ एकाएकी, काही तासांत उद्भवला, तर वाट पाहू नये. उष्माघात, शरीरातील पाणी कमी होणे, साखर उतरणे, जंतुसंसर्ग, पक्षाघात, यांपैकी काहीही असू शकते. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

औषधाची वेळ घड्याळामुळे चुकल्याचे ध्यानात आले, तर भरपाई म्हणून दुप्पट मात्रा कदापि घेऊ नये. बहुतेक गोळ्यांना तासाभराचा फरक बाधत नाही. परंतु इन्सुलिन आणि जेवण यांची सांगड, तसेच कंपवाताची औषधे वेळेला बांधलेली असतात. त्यांबाबत डॉक्टरांना दूरध्वनी करून विचारावे.

शुश्रूषा करणाऱ्यांस एक विनंती. घरातील एका व्यक्तीने दर रविवारी सकाळी ज्येष्ठांच्या खोलीतील घड्याळ मोबाइलशी ताडून पाहावे, आणि शक्यतो ज्येष्ठांसह पाहावे. आपल्या मागे आपली तपासणी होते आहे, ही भावना वृद्धांस फार लागते. बरोबरीने घड्याळ तपासणे मात्र त्यांना आवडते.

मोझरीच्या त्या घरी आता हे काम आजोबांकडेच आहे. पडद्याशेजारी काट्यांचे एक घड्याळ लागले आहे. रविवारी ते नातीस हाक मारतात, तिच्या मोबाइलशी वेळ जुळवितात आणि वहीत टिपून ठेवतात. मुलाची भेटही भिंतीवर कायम आहे. तिचे उन्हाळी वेळेचे बटन तेवढे बंद केले आहे. सूनबाईंनी त्यांच्याजवळ जाऊन, “बाबा, चूक आमची होती,” असे म्हटले. त्या दिवसापासून ते ध्यानाला पुन्हा वेळेवर जाऊ लागले.

आपल्या घरातील वडीलधाऱ्यांच्या खोलीत जे घड्याळ आहे, ते आज एकदा पाहून यावे.