आधी पल्ला, मग खांदा, मग काडतूस

पेन्सिल्वेनियाच्या डोंगराळ भागात नोव्हेंबर संपता संपता हरणांचा हंगाम उघडतो. त्याआधी महिनाभर बंदुकांच्या दुकानांतून शब्दांचा जो दारूगोळा उडतो, त्यापुढे आपल्याकडची निवडणूक फिकी पडावी. त्या धुमाळीत यंदा माझा भाचा सापडला. वय तीस, अंगाने किडकिडीत, चष्मा जाड, आणि जन्मात कधी हरणावर बार टाकलेला नाही. दुकानदाराने त्याला ऐकवले, "लिव्हरची रायफल घ्यायची तर पंचेचाळीस-सत्तरचीच घ्या. एका गोळीत काम खलास!" भाच्याने मला फोन केला, "मामा, घेऊ ना?" मी म्हटले, "मुळीच घेऊ नकोस." त्याने कारण विचारले. फोनवर ते सांगून पुरे झाले नाही, म्हणून हा लेख.

दिवाळीच्या फराळाशेजारी ही हरणाची हत्या कशाला, असे म्हणणारे वाचक असतील. त्यांच्याशी माझे भांडण नाही. हिंदुस्थानात १९७२ च्या कायद्याने शिकारीवर पडदा पडला, तो योग्यच पडला. पण इथल्या रानात हरणे उदंड आहेत, हंगाम सरकारच ठरवते आणि मांस घरोघर खाल्ले जाते. ज्याने मारायचे ठरवले आहे, त्याने निदान ते जनावर तडफडत ठेवू नये, एवढेच माझे मागणे आहे. आणि 'मोठे काडतूस म्हणजे स्वच्छ मरण' हे दुकानी वेदवाक्य नेमके त्याच्या आड येते.

मला हे कळायला एक हरीण खर्ची पडले. १९८८ साली मीही पंचेचाळीस-सत्तरच घेतली होती. एका मित्राने घरी भरलेली जड काडतुसे दिली. सरावाला गेलो तो वीस बार टाकून आलो. खांदा जांभळा पडला. आमच्या मंडळींनी शेक दिला आणि वर विचारले, "हरीण मारायला गेला होतात की हरणाने मारले?" मी हसलो. मनातून खूषही झालो, कारण तो जांभळा डाग मला शौर्यपदकासारखा वाटत होता. हंगामाच्या पहिल्या सकाळी साठ वारांवर एक नर आडवा उभा राहिला. असा नेम पोरानेही चुकवू नये. मी चाप ओढला, आणि ओढण्याच्या आधी डोळे मिटले. गोळी पोटात, पार मागे लागली. बर्फावरच्या रक्ताच्या थेंबांमागून मी अंधार पडेपर्यंत फिरलो, दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत फिरलो. एका ओढ्यापाशी माग तुटला. ते हरीण मला मिळाले नाही.

शेजारी एक म्हातारा खाणकामगार राहत होता. त्याने मला शेतात नेले. रायफल तो माझ्याकडे पाठ करून भरी, आणि कधी भरलेली, कधी रिकामी माझ्या हातात देई. कोणती ते मला ठाऊक नसे. रिकाम्या नळीवर मी चाप ओढला की तोंड वीतभर खाली झुके! बार उडालेलाच नाही, आणि मी मात्र उडालो. म्हाताऱ्याने काही टीका केली नाही. घरात जाऊन आपली जुनी तीस-तीस आणून दिली, इतकेच.

आता हिशेब पाहा. साडेसात पौंडांच्या रायफलीतून तीस-तीसची १५० ग्रेनची गोळी सुटली, तर खांद्यावर दहा-अकरा फूट-पौंडांचा धक्का बसतो. तेवढ्याच वजनाच्या रायफलीत ३०८ विंचेस्टर पंधरा-सोळावर जाते. पंचेचाळीस-सत्तरची हल्लीची जोरकस भरणी तिशीच्या घरात पोचते. रायफल हलकी असेल तर त्याहूनही वर. दुकानात लोक हलकी रायफल हातात तोलून "वा!" म्हणतात, ते वजन धक्का गिळण्यासाठी असते हे त्यांना कोणी सांगत नाही. शिवाय जुन्या घाटाच्या लिव्हर रायफलींच्या दस्त्याला मागे पोलादी पट्टी असते. तिथे रबराची गादी बसवावी. तिची किंमत काडतुसांच्या दोन डब्यांइतकी असेल, पण उपयोग शंभर डब्यांचा.

पंचेचाळीस-सत्तर हे मूळ १८७३ सालचे लष्करी काडतूस. त्या काळच्या जुन्या बंदुका फुटू नयेत म्हणून कारखान्यांची ४०५ ग्रेनची साधी भरणी अजून सौम्य असते. मग तीच वापरावी, असे कोणी म्हणेल. वापरा. पण शंभर वारांवर नेम बसवला तर दोनशेवर ती गोळी दोन फूट खाली उतरते. म्हणजे अस्वलाची बंदूक घेऊन पल्ला मात्र गोफणीचा! अलास्कात मूसच्या किंवा अस्वलाच्या मागे जाणाऱ्याने ती जरूर बाळगावी. आमच्या हरणाला ती कशासाठी? "झाडीतून आरपार जाते," म्हणून सांगतात. हे तर निखालस थोतांड आहे. फांदीला लागली की हलकी काय, जड काय, कोणतीही गोळी वाकडी होते. मोकळी वाट दिसत नसेल तर बार टाकू नये, हा त्यावर उपाय.

दुसऱ्या टोकाला दूरच्या पल्ल्याचे पुजारी आहेत. त्यांना लिव्हरची रायफल म्हणजे पणजोबांची काठी वाटते. त्यांचा आक्षेप अगदीच खोटा नाही. बहुतेक लिव्हर रायफलींत काडतुसे नळीखालच्या नळकांड्यात एकामागे एक बसतात. टोकदार गोळीचे टोक पुढच्या काडतुसाच्या टोपीवर टेकते, आणि धक्क्याने भलतेच घडू शकते. म्हणून गोळ्या बोथट ठेवाव्या लागतात, आणि बोथट गोळी हवेत लवकर दमते. तीस-तीस शंभर वारांवर जुळवली तर दोनशेवर सुमारे आठ इंच खाली, आणि तीनशेवर दोन फुटांहून अधिक खाली लागते. अलीकडे मऊ टोकाच्या टोकदार गोळ्या निघाल्या आहेत; त्यांनी चाळीस-पन्नास वार वाढवून मिळतात, हे मी मान्य करतो. ज्याचे रान म्हणजे मक्याच्या शेताची कड, समोर अडीचशे वार मोकळे, त्याने तर सरळ पेटीच्या मॅगझिनची लिव्हर रायफल ३०८ मध्ये घ्यावी, आणि सराव करावा.

पण माझ्या भाच्याचे रान तसे नाही. हेमलॉकची दाटी आणि लॉरेलचे जाळे. गेल्या तीस वर्षांत मी पाडलेल्या प्रत्येक हरणापर्यंतची पावले मोजली आहेत. सर्वांत लांबचे शहाण्णव, बहुतेक पन्नासच्या आत. अशा रानात चारशे वारांचे काडतूस घेऊन बसणारा माणूस गल्लीत धावायला आगगाडी विकत घेतो!

भाच्याला मी एकच काम सांगितले. आठ इंचांची कागदी ताटली लाव. हरणाचे काळीज आणि फुप्फुसे साधारण तेवढ्यात मावतात. टेबलावर रायफल टेकवून नव्हे, उभ्याने आणि गुडघ्यावर बसून पाच गोळ्या टाक. ज्या अंतरावर पाचही ताटलीत बसतात तो तुझा पल्ला, मग डब्यावर काहीही छापलेले असो. माझा पल्ला आज ऐंशी वारांचा उरला आहे. पूर्वी एकशे वीस होता.

त्याने तीन रायफली मागून आणल्या. पंचेचाळीस-सत्तरच्या पाचांतल्या दोन ताटलीत, आणि त्याही पहिल्या दोन. चव्वेचाळीस मॅग्नमच्या पाचही. शंभर वारांच्या आत तीही उत्तम, धक्का बेताचा, आणि तीच घेतो म्हणाला असता तर मी अडवले नसते. १९०६ चे पस्तीस रेमिंग्टन माझे लाडके, पण त्याची काडतुसे शोधत हिंडावे लागते. म्हणून ते मी आणायलाच सांगितले नाही. तीस-तीसच्या पाचही ताटलीत, नव्वद वारांवर, आणि उरलेला डबा त्याने कोणी न सांगता संपवला.

हे काडतूस १८९५ सालचे. जॉन ब्राउनिंगने आखलेल्या १८९४ च्या विंचेस्टरसाठी निघाले, आणि बिनधुराच्या दारूवर चालणारे अमेरिकेतले पहिले शिकारी काडतूस ते हेच. सव्वाशे वर्षांवर हरणे त्याने पाडली, आणि ती कशी पडली याची तक्रार दुकानदारांखेरीज कोणी केलेली माझ्या कानावर नाही.

परवा भाचा त्याच दुकानात गेला आणि वापरलेली एक तीस-तीस घेऊन आला. दुकानदाराने विचारले म्हणे, "आजोबांसाठी का?" भाच्याने "हो" म्हणून सांगितले आणि रबरी गादी मागितली.