वाइल्ड कार्डाला टाळ्या, आरक्षणाला शिव्या!

लिएंडर पेसने २५ डिसेंबर २०१९ रोजी जाहीर केले की, २०२० हा आपला शेवटचा हंगाम असेल. त्या दिवसापासून देशभरातील त्याचे चाहते जिथे पेस तिथे आपण, अशा तयारीला लागले. फेब्रुवारी २०२० मध्ये तो पुण्याला, बालेवाडीच्या महाराष्ट्र ओपन स्पर्धेत खेळला. कर्जत-खालापूरच्या माणसाला बालेवाडी काही लांब नाही. खालापूरहून द्रुतगती मार्गाने घाट चढला की पुण्याचे दार आले. आमच्या भागातले टेनिसवेडे तरुणही त्या वेळी तिकडे धावले. विजेतेपद मिळाले नाही, पण कोणी नाराज होऊन परतला नाही. सेहेचाळीस वर्षांच्या माणसाला नेटजवळ झेपावताना पाहिले, हेच त्यांना पुरेसे होते.

हे प्रेम अस्थानी नव्हते. खाशाबा जाधवांनी १९५२ साली हेलसिंकीत कुस्तीचे कांस्यपदक आणले. त्यानंतर ऑलिंपिकमधील वैयक्तिक पदकासाठी या देशाला ४४ वर्षे थांबावे लागले. ते पदक १९९६ साली अटलांटात पेसने मिळवले. ग्रँड स्लॅम स्पर्धांत दुहेरी आणि मिश्र दुहेरीची मिळून १८ विजेतेपदे त्याच्या नावावर आहेत. पुण्यानंतर बंगळुरूच्या स्पर्धेत तो अंतिम फेरीपर्यंत गेला आणि हरला. मार्च २०२० मध्ये झाग्रेबला, डेव्हिस चषकात, रोहन बोपण्णाच्या साथीने त्याने क्रोएशियाच्या जोडीला हरवले. डेव्हिस चषकातील त्याचा दुहेरीचा तो ४५ वा विजय, म्हणजे विक्रमच. आणि तिथेच सारे थांबले. कोरोनाने स्पर्धा बंद पाडल्या, टोकियो ऑलिंपिक पुढे गेले. मैदानावरचा निरोप चाहत्यांना देता आला नाही आणि त्याला घेता आला नाही. याची हळहळ आम्हालाही आहे.

पण आमचा मुद्दा वेगळा आहे. हा शेवटचा हंगाम पेसला खेळता आला कसा?

टेनिसमध्ये मागील ५२ आठवड्यांच्या कामगिरीवर क्रमवारी ठरते आणि क्रमवारीवर स्पर्धेतील प्रवेश ठरतो. नोव्हेंबर २०१९ मध्ये, १९ वर्षांत प्रथमच, पेस दुहेरीच्या पहिल्या शंभरातून बाहेर पडला होता. अशा खेळाडूसाठी आयोजकांच्या हाती काही राखीव जागा असतात. त्यांना वाइल्ड कार्ड म्हणतात. ऑस्ट्रेलियन ओपनच्या मिश्र दुहेरीत आणि पुण्यातही पेसला याच दाराने प्रवेश मिळाला. ही जागा मर्यादित असते. ती एकाला दिली की क्रमवारीत त्याच्या पुढे असलेला कोणीतरी बाहेर राहतो.

या बाहेर राहिलेल्यासाठी कोणी गळा काढला काय? न्यायालयाच्या आवारात आमचे एक वकील बंधू पेसच्या त्या हंगामाविषयी भरभरून बोलत. "क्रमवारीचा कागद काय सांगणार? या माणसाने काय काय सोसले, काय दिले, ते बघा," असे त्यांचे म्हणणे. आम्हाला ते शंभर टक्के मान्य आहे. मात्र हेच बंधू आरक्षणाचा विषय निघाला की गुणपत्रिका हातात घेतात आणि दोन गुणांनी 'डावललेल्या' मुलासाठी व्याकूळ होतात! टेनिसमध्ये कागदापलीकडचा माणूस दिसतो, मग खालापूरच्या ठाकूरवाडीतून पायपीट करून शाळा गाठणारी मुलगी कागदापलीकडे का दिसत नाही?

राखीव जागेने खेळ बुडतो काय, तेही पाहू. अटलांटात पेस वाइल्ड कार्डावरच उतरला होता. त्याची क्रमवारी तेव्हा १२६ होती. २००१ साली १२५ व्या क्रमांकाचा गोरान इव्हानिसेविच वाइल्ड कार्ड घेऊन विम्बल्डनला आला आणि विजेता होऊन गेला. २०२२ साली, निवृत्तीच्या वर्षी, सेरेना विल्यम्स विम्बल्डनला खेळली तीही वाइल्ड कार्डावर. त्या वेळी तिची क्रमवारी बाराशेच्या पुढे होती. दार कोणी उघडून दिले तरी गुण स्वतःच मिळवावे लागतात. आरक्षणाने महाविद्यालयात प्रवेश मिळतो, पदवीची परीक्षा सर्वांना एकच असते. सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०२२ मध्ये, वैद्यकीय प्रवेशातील ओबीसी आरक्षण वैध ठरवताना, स्पर्धा परीक्षेतील गुण म्हणजेच गुणवत्ता, हा संकुचित अर्थ नाकारला आहे. घरची स्थिती, मिळालेले शिक्षण, वारशाने आलेली सांस्कृतिक पुंजी यांचा त्या गुणांत वाटा असतो, हे न्यायालयाने स्पष्ट केले आहे.

फरक आहे तो एवढाच की, वाइल्ड कार्ड ही आयोजकाची मर्जी आहे आणि आरक्षण हा संविधानाने दिलेला हक्क आहे. मर्जी बहुधा ओळखीच्या चेहऱ्यावर होते. चारही ग्रँड स्लॅम स्पर्धांची बहुतेक वाइल्ड कार्डे यजमान देशाच्याच खेळाडूंना जातात. तिथे जन्मस्थान हीच पात्रता! ज्यांचा चेहराच व्यवस्थेने पाहिला नाही, त्यांना मर्जी कामाची नाही. त्यांना हक्कच हवा.

आणि गुणवत्तेचा जप करणाऱ्यांनी पळवणकर बाळूंना विसरू नये. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात या चर्मकार समाजातील गोलंदाजाने ११४ बळी घेतले. इतकी गुणवत्ता सिद्ध करूनही हिंदू संघाचे कर्णधारपद त्यांना रीतसर कधीच दिले गेले नाही. त्यांचे धाकटे बंधू विठ्ठल यांना ते १९२३ मध्ये मिळाले. पुढे बाळू १९३७ च्या निवडणुकीत बाबासाहेबांच्या विरोधात उभे राहिले, म्हणून त्यांच्यावरील अन्याय लहान होत नाही.

पुण्याची ती स्पर्धाही २०२३ नंतर राहिली नाही. आमच्या तालुक्यांत टेनिस कोर्ट आहे ते रिसॉर्टच्या आणि फार्महाऊसच्या भिंतीआड. गवत काढायला, पाणी मारायला आजूबाजूच्या वाड्यांतली माणसे आत जातात. त्यांची मुले रॅकेट घेऊन आत जात नाहीत. पेसवर खरे प्रेम करणाऱ्यांना आमचे सांगणे आहे: कर्जत आणि खालापूर या दोन्ही तालुक्यांत सर्वांना खुले असलेले एक तरी सार्वजनिक कोर्ट आणि पगारी प्रशिक्षक मागा. त्या अर्जावर पहिली सही आम्ही करू. मावळत्या खेळाडूसाठी ज्यांनी घाट ओलांडला, त्यांनी अजून रॅकेटही न पाहिलेल्या मुलांसाठी तहसील कचेरीची पायरी चढायला काय हरकत आहे?