आधी लस, मग खिदमत

माझी एक जुनी विद्यार्थिनी पनवेलमधल्या एका छोट्या खासगी नर्सिंग होममध्ये कामाला आहे. एका संध्याकाळी ती घरी आली. चहा झाल्यावर हळूच म्हणाली, "टीचर, चार दिवसांपूर्वी कचऱ्याची पिशवी बांधताना बोटात सुई घुसली. वापरलेली होती." तिथे कुणाला सांगितलेस का, असे विचारले. म्हणाली, "सांगितले. स्पिरिट लाव म्हणाले. जास्त बोलले तर उद्यापासून येऊ नको म्हणतील."

मी शिक्षिका आहे, डॉक्टर नाही. पण अशा वेळी एचआयव्ही रोखणारी औषधे शक्य तितक्या लवकर, फार तर ७२ तासांत सुरू करावी लागतात, एवढे मला ठाऊक होते. तिचे चार दिवस गेले होते. हिपॅटायटिस बीची लस तिला कधी दिलीच नव्हती. दुसऱ्या दिवशी आम्ही सरकारी रुग्णालयात गेलो. तपासण्या झाल्या, लस सुरू झाली. अल्हम्दुलिल्लाह, सगळे अहवाल चांगले आले. पण शेवटचा अहवाल हातात पडेपर्यंतचे महिने त्या मुलीने कसे काढले, ते मी पाहिले आहे.

कायदा नाही म्हणून हे घडले, असे नाही. २०१६ च्या जैववैद्यकीय कचरा नियमांनुसार सुया न टोचणाऱ्या पांढऱ्या डब्यातच टाकायच्या असतात. कचरा हाताळणाऱ्या प्रत्येकाला हिपॅटायटिस बी आणि धनुर्वाताची लस, संरक्षक साधने, प्रशिक्षण आणि वर्षातून किमान एकदा आरोग्य तपासणी देणे बंधनकारक आहे. हा नियम मोठ्या रुग्णालयाला आहे तसाच गल्लीतल्या दवाखान्यालाही आहे. २०१७ च्या एचआयव्ही कायद्याने सुई टोचल्यानंतरची औषधे पुरवणे ही संस्थेची जबाबदारी ठरवली. आणि १९२३ च्या नुकसानभरपाई कायद्याच्या यादीतही आरोग्यसेवेच्या कामातून जडलेला संसर्ग हा व्यवसायजन्य आजार म्हणून नोंदलेला होता.

मग अडते कुठे? मुंबईत शिवडीच्या टीबी रुग्णालयातल्या कर्मचाऱ्यांनाच टीबी झाला, काहींचे प्राण गेले. एप्रिल २०२० मध्ये मुंबई सेंट्रलच्या वोक्हार्ट रुग्णालयात २६ परिचारिका आणि ३ डॉक्टरांना कोरोना झाल्याचे समोर आले आणि ते रुग्णालयच बंद करावे लागले. त्याच्या दोनच आठवडे आधी आपण सगळ्यांनी त्यांच्यासाठी थाळ्या वाजवल्या होत्या. त्याच वर्षी आरोग्यसेवकांवर हल्ला करणाऱ्याला सात वर्षांपर्यंत कैदेची तरतूद झाली. ती योग्यच होती. पण मास्क न देणाऱ्या मालकाला जाब कोण विचारणार, हा प्रश्न तसाच राहिला.

माझ्या मते अडते ते आपल्या एका लाडक्या शब्दापाशी. तो शब्द म्हणजे सेवा, आपल्या घरांत खिदमत. मालक म्हणतो, हे सेवेचे काम आहे. घरचे म्हणतात, बेटा, सवाब मिळेल, अल्लाह मालिक है. आणि हातमोजे मागणारी मुलगी भांडखोर ठरते.

तवक्कुलचा हा अर्थ नव्हे. हजरत उमर (रजि.) शामच्या वाटेवर असताना पुढे प्लेग पसरल्याची खबर आली. त्यांनी सल्लामसलत केली आणि काफिला माघारी फिरवला. अल्लाहच्या तकदीरपासून पळता का, असे विचारल्यावर, एका तकदीरकडून दुसऱ्या तकदीरकडे जात आहोत, अशा आशयाचे उत्तर त्यांनी दिले. खबरदारी घेणे हाही ईमानाचाच भाग आहे, हे आपण खुतब्यात ऐकतो. दवाखान्याच्या दारात मात्र विसरतो.

आज आपल्या वस्त्यांमधल्या कितीतरी मुली नर्सिंगला, लॅबच्या कामाला जात आहेत. त्याचा मला अभिमान आहे. त्यांच्या आईवडिलांना एवढीच विनंती: पगार विचारता, ड्युटीची वेळ विचारता, बुरखा चालेल का तेही विचारता. त्याबरोबर आणखी तीन प्रश्न विचारा. लस कधी देणार? सुया कशात टाकता? सुई टोचली तर रात्री-अपरात्री औषध कुठे मिळेल?

आणि आपल्यातले जे डॉक्टर स्वतःचा दवाखाना चालवतात, त्यांनी हे प्रश्न कुणी विचारण्याची वाट पाहू नये. कामाला आलेली मुलगी ही कुणाची तरी अमानत असते.