पिवळा दिवा

(द्वितीय वर्ष, कला)

महाविद्यालयाच्या वार्षिकात मोटारीच्या टायरवर लेख? असे म्हणून काही वाचक पान उलटतील. कला शाखेच्या विद्यार्थ्याने कविता करावी, कथा लिहावी, फार तर शिक्षणपद्धतीवर ताशेरे झाडावेत, अशी आपल्याकडे रूढी आहे. पण गेल्या जानेवारीत समृद्धी महामार्गाच्या कडेला मी चार तास बसून काढले. त्या चार तासांत जे मनात आले ते कवितेत मावण्यासारखे नाही.

मामांच्या नव्या गाडीतून आम्ही पाच जण जालन्याहून नागपूरला मावसबहिणीच्या लग्नाला निघालो होतो. पहाटेची कडाक्याची थंडी होती. थोडे अंतर गेलो आणि स्टिअरिंगमागच्या फलकावर एक पिवळे चिन्ह उजळले. घोड्याच्या नालासारखा आकार आणि त्याच्या पोटात उद्गारचिन्ह! "हे काय नवीनच?" मामा म्हणाले. वाटेतल्या गॅरेजवाल्याला दाखवले, तर त्याने खाली वाकूनसुद्धा पाहिले नाही. "थंडीत लागतो तो दिवा. सेन्सरची भानगड आहे," असे म्हणून त्याने एक बटण दाबून धरले. दिवा विझला. मामांनी पन्नास रुपये दिले आणि आम्ही निर्धास्त झालो.

मेहकर मागे टाकले आणि गाडी डावीकडे ओढू लागली. पाठोपाठ जळक्या रबराचा वास आला. मामांनी हळूहळू वेग कमी करून गाडी कडेला घेतली म्हणून आज हा लेख लिहिता येत आहे. पुढच्या डाव्या टायरमध्ये खिळा होता. हवा कमी असलेला टायर तसाच वेगाने पळाल्याने त्याची बाजू तापून फाटली होती. डिकी उघडली तर स्टेपनीच नाही! होता एक छोटा हवेचा पंप आणि पंक्चर बुजवणाऱ्या द्रवाची एक बाटली. टायरची बाजूच फाटल्यावर त्या बाटलीचा काय उपयोग? मुहूर्ताची वेळ झाली तेव्हा आम्ही क्रेनची वाट पाहत होतो. अक्षता मनातल्या मनात टाकल्या.

माझे आजोबा एसटीत चालक होते. कठड्यापलीकडे शाल लपेटून बसलेली आजी म्हणाली, "तुझे वडील टॉमीने चारी टायर ठोकून पाहिल्याशिवाय गाडी हलवत नसत. आणि तू दिवा विझवलास होय रे? तो काय सांगत होता ते तरी विचारायचं!"

मित्रहो, या लेखाचे सार आजीच्या या वाक्यात आले आहे. पुढचा विस्तार तेवढा माझा.

परत आल्यावर मी गाडीबरोबर मिळालेली पुस्तिका वाचून काढली. टायरमधील हवा ओळखण्याच्या दोन रीती आहेत. एका रीतीत प्रत्येक चाकात, वॉल्व्हपाशी, एक छोटा सेन्सर असतो. तो दाब मोजून बिनतारी लहरींनी कळवतो. दुसऱ्या रीतीत दाब मोजलाच जात नाही. हवा कमी झालेले चाक किंचित खाली बसते, त्याचा घेर लहान होतो आणि ते इतर चाकांपेक्षा थोडे जलद फिरते. ब्रेकसाठी बसवलेले सेन्सर हा फरक हेरतात. मामांच्या गाडीत ही दुसरी रीत होती.

आता गॅरेजवाल्याचे निदान पाहा. थंडीने हवा आकसते हे खरे. तापमान पाच-सहा अंशांनी उतरले की दाब सुमारे एक पौंडाने घटतो. पण थंडीने चारही चाके सारखीच आकसतात. आणि आमच्या गाडीचा संच तर एका चाकाची दुसऱ्याशी तुलना करणारा! दोष थंडीचा असता तर दिवा बहुधा लागलाच नसता. आणि ते बटण? त्याचा अर्थ 'दिवा विझव' असा नाहीच. 'आत्ता जी हवा आहे तीच योग्य समज' असा आहे. हवा भरून झाल्यावर दाबायचे बटण आम्ही हवा न भरताच दाबले. खिळा रुतलेला टायर हाच नमुना, अशी गाडीची समजूत आम्ही करून दिली आणि पहारेकऱ्याला आपल्याच हाताने झोपवले.

हा दिवा कोणाच्या हौसेतून आलेला नाही. अमेरिकेत टायर निकामी होऊन गाड्या उलटल्या, शेकडो माणसे दगावली, तेव्हा 2000 साली तेथे कायदा झाला. सप्टेंबर 2007 पासून तेथील प्रत्येक नव्या मोटारीत दाब पंचवीस टक्क्यांनी घटला की दिवा लागलाच पाहिजे असे ठरले. युरोपात नोव्हेंबर 2014 पासून सर्व नव्या मोटारींना असा संच सक्तीचा झाला. त्या इवल्याशा पिवळ्या उजेडामागे एवढी किंमत मोजलेली आहे.

आपल्याकडे काय झाले? ऑक्टोबर 2020 पासून असा संच आणि पंक्चर बुजवण्याचे साहित्य असलेल्या मोटारीला स्टेपनी बाळगण्यातून सूट मिळाली. 'स्टेपनी' हा शब्द आला वेल्समधल्या लानेली गावच्या स्टेपनी रस्त्यावरून. 1904 च्या सुमारास तेथे जादा चाके बनू लागली. आपण तो शब्द इतका आपलासा केला की तो परका वाटतही नाही. शतकभर सोबत केलेले ते चाक आता अनेक गाड्यांतून उतरले आणि त्याची जागा एका दिव्याने घेतली. माझी तक्रार दिव्याविषयी नाही. दिव्याच्या भरवशावर चाक काढून घेतले, पण दिवा वाचायला कोणी शिकवले नाही, ही माझी तक्रार आहे.

लायसन्स देताना रस्त्यावरच्या चिन्हांची परीक्षा घेतात, तशीच फलकावरच्या चिन्हांचीही घ्यावी. लाल दिवा म्हणजे थांब, पिवळा म्हणजे लवकर बघ; आणि टायरचा दिवा आधी मिनिटभर लुकलुकून मग स्थिर राहिला तर बहुतेक गाड्यांत बिघाड खुद्द संचातच असतो. एवढे समजायला काही अभियांत्रिकीची पदवी लागत नाही. गाडी विकणाऱ्याने किल्ली हातात देताना पेढ्यांबरोबर ही दहा मिनिटांची शिकवणीही द्यावी. आणि आपण? महिन्यातून एकदा, गाडी थंड असताना हवा पाहावी. किती हवी तो आकडा बहुधा चालकाच्या दाराच्या चौकटीवरच छापलेला असतो. पंपावरच्या पोऱ्याला "टाक तुझ्या अंदाजाने" असे सांगू नये.

कोणी म्हणेल, दिवा आहे तर टॉमी कशाला? पण दिवा लागेपर्यंत पाव हवा गेलेली असू शकते. दिवा हा शेवटचा निरोप आहे, पहिला नव्हे.

खरे सांगायचे तर बटण दाबून दिवा विझवण्याची सवय आपल्याला मोटारीपुरतीच नाही. हजेरी कमी भरल्याची यादी फलकावर लागते, तेव्हा आपण वर्गाकडे वळतो की डॉक्टरच्या दाखल्याकडे? यादीतून नाव गेले की आपण निश्चिंत! खिळा मात्र जिथल्या तिथे असतो.

मामांनी आता डिकीत जागा करून एक जादा चाक ठेवले आहे. त्याच्या शेजारी आजोबांची टॉमीही आहे. दिवा लागला की ते आधी गाडी थांबवतात, खाली उतरतात आणि मग पुस्तिका उघडतात. बटणाला हात सर्वांत शेवटी.