जुन्या कॅसेटमधला घरचा आवाज

पुष्कळ घरांत माळ्यावरच्या डब्यात जुन्या कॅसेट पडून असतात. त्यांतली विकतची गाणी दुसरीकडेही मिळतील. पण सासूबाईंच्या ओव्या, आजोबांच्या गोष्टी, मुलांचे बोबडे बोल यांची जगात तेवढी एकच प्रत असते. म्हणून भगिनींनो, ते कॉम्प्युटरवर उतरवून घ्यायचे काम लांबणीवर टाकू नका.

आधी फीत नीट पाहा. पांढरी बुरशी दिसली तर कॅसेट मुळीच लावू नका, जाणकाराकडे द्या. फीत चांगली असेल तर कॅसेटच्या मागच्या कडेच्या दोन बारीक चकत्या मोडून टाका, म्हणजे चुकून तिच्यावर दुसरे रेकॉर्डिंग व्हायचे नाही. टेपचे हेड आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवलेल्या कापसाने पुसून वाळू द्या. कॅसेट एकदा शेवटपर्यंत पळवून परत गुंडाळा.

मग टेपच्या हेडफोनच्या भोकातून कॉम्प्युटरच्या 'लाइन-इन'मध्ये वायर जोडा. ते भोक नसेल तर यूएसबीची छोटी जोडणी मिळते. 'ऑडॅसिटी' हा प्रोग्रॅम फुकट आहे. सर्वांत मोठा आवाजसुद्धा उणे ६ डेसिबलच्या आसपासच राहील असे बघा. फाटलेला आवाज मागाहून धड शिवता येत नाही! ६० मिनिटांच्या कॅसेटला तासभर लागणारच. तेवढ्यात भाजी निवडून होते.

उतरवलेले रेकॉर्डिंग आहे तसेच 'वेव्ह' फाइलमध्ये ठेवून द्या. त्याला हात लावायचा नाही. साफसफाई करायची ती दुसऱ्या प्रतीवर.

कोणी बोलत नाही, नुसती 'स्स्स' ऐकू येते, असा एखादा सेकंद निवडा आणि 'नॉइज रिडक्शन'मध्ये तो नमुना म्हणून द्या. नंतर सगळे रेकॉर्डिंग निवडून तेवढी खरखर कमी करा. सुरुवात ६ डेसिबलपासून करावी. हाव धरली तर माणूस पाण्याखालून बोलल्यासारखा वाटतो. खालच्या पट्टीतली घरघर असेल तर 'हाय-पास फिल्टर' ८० हर्ट्झवर लावून पाहा. आवाज सारखा करायचे 'नॉर्मलाइझ' सर्वांत शेवटी.

तांदूळ निवडताना आपण खडे काढतो, कण्या फेकत नाही. इथेही तसेच. ओवी म्हणताना मध्येच घेतलेला श्वास, बांगड्यांची किणकिण, "अगं, ऐकतेस ना?" हे काही कापू नका. आवाज थोडा खरखरीत राहिला तरी चालेल, माणूस ओळखू आला पाहिजे.

फाइलला नाव, गाव आणि साल द्या. तीन प्रती करा, त्यांतली एक घराबाहेर, लेकीकडे किंवा भावाकडे असू द्या. फोनवर पाठवायला 'एमपीथ्री' पुरेल. आणि ऐकताना घरातल्या वडीलधाऱ्यांना शेजारी बसवा. मागे हसणारी बाई कोण, हे आज त्याच सांगू शकतील. लगेच लिहून ठेवा; नुसत्या आवाजावरून आपल्या नातवंडांना ते कळायचे नाही.