शोकसभेपूर्वीचा एक फोन

मार्च 2020 मध्ये टाळेबंदी लागली आणि तिगावातील ओसरीवरच्या बैठका थांबल्या. मुले नागपूर-पुण्यास अडकली, वडीलधारी दाराआड राहिली. पुढे टाळेबंदी उठली. एकटेपण उठले नाही.

ऑक्टोबर 2021 मध्ये ज्येष्ठांसाठी 14567 ही राष्ट्रीय ‘एल्डरलाइन’ देशभर सुरू झाली. निवृत्तिवेतन, कायद्याचा सल्ला यांसाठी ती उपयुक्तच आहे. परंतु ज्याची तक्रार काहीच नाही, केवळ बोलायला माणूस नाही, त्याने तेथे काय नोंदवावे? योजना निघाली की आपले कर्तव्य संपले, हा समज कचेरीपुरता नाही. तो आम्हा सभासदांतही आहे.

ब्रिटनमध्ये 2013 साली सुरू झालेल्या ‘सिल्व्हर लाइन’चे स्वयंसेवक एकाकी वृद्धांना दर आठवड्यास फोन करू लागले. आम्ही मात्र मायबोलीच्या रक्षणाचे ठराव करतो आणि ती बोलणाऱ्या आजींना श्रोता देत नाही.

‘बोलावे तरी काय?’ असे कोणी विचारील. संत्र्याचा बहार, पोळा, गुडघेदुखी, विषय पुष्कळ आहेत. आपण ऐकायचे आहे. प्रत्येक सभासदाने एक वृद्ध, एक वार, एक वेळ ठरवावी. शोकसभेसाठी तासभर काढणाऱ्या आम्हांस त्या व्यक्तीच्या हयातीत दहा मिनिटे सापडू नयेत?