गारव्याचे कारागीर

पुणे-नाशिक रेल्वेमार्गाच्या आखणीचा वाद पेटल्यापासून संगमनेर-अकोले भागात ‘दुर्बीण’ हा शब्द जरा रागानेच उच्चारला जातो. खोडदच्या रेडिओ दुर्बिणीला उपद्रव होईल म्हणून नारायणगाव-संगमनेरचा सरळ मार्ग अडला, ही तिथली भावना समजण्यासारखी आहे. आकाशाचा अभ्यास दुसऱ्यांनी करायचा आणि त्याची झळ आपण सोसायची, असा तो हिशेब दिसतो. त्यावर सहज सुचणारा उतारा म्हणजे आपल्याही जिल्ह्यात एक दुर्बीण मागणे. १६४६ मीटर उंचीचे कळसूबाई, राज्यातले सर्वोच्च शिखर, अकोले तालुक्यातच तर आहे. पण हा उतारा चुकीचा आहे. कळसूबाई-हरिश्चंद्रगड हे अभयारण्य आहे आणि घाटघर-रतनवाडीचा पाऊस महाराष्ट्रात गाजलेला आहे. तिथे दुर्बीण मागणे म्हणजे धुक्यात आरसा धरणे. अहिल्यानगर जिल्ह्याने मागायची गोष्ट वेगळी आहे. दुर्बिणीच्या मागे जो कॅमेरा बसतो, तो थंड ठेवणारी, चालवणारी आणि बिघडला तर उघडून पुन्हा बसवणारी माणसे घडवण्याचे काम या जिल्ह्याने मागावे. देशात आरसे आले आहेत, हात कमी आहेत.

हा कॅमेरा काय प्रकरण आहे, हे शेजारच्याच उदाहरणावरून कळते. अकोल्याच्या डोंगरांच्या दक्षिणेला, जुन्नरपलीकडच्या आंबेगाव तालुक्यात घोडेगावजवळ गिरवलीची वेधशाळा आहे. पुण्याच्या ‘आयुका’ या खगोलशास्त्र संस्थेने तिथे सुमारे हजार मीटर उंचीवर २ मीटर व्यासाच्या आरशाची दुर्बीण २००६ मध्ये सुरू केली. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी आणि तंत्रज्ञांनी बांधलेला ‘टिरकॅम-२’ हा निकट-अवरक्त कॅमेरा या दुर्बिणीवर पहिल्यांदा बसला तो २०११ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये. संस्थेच्या आधीच्या कॅमेऱ्यात ५८ गुणिले ६२, म्हणजे साडेतीन हजारांच्या आसपास चित्रबिंदू होते. यात ५१२ गुणिले ५१२, म्हणजे अडीच लाखांहून जास्त. गंमत अशी की प्रकाश टिपणारा हा डिटेक्टरसुद्धा मूळच्या मोठ्या पाटीचा चतकोर आहे. इंडियम अँटिमनाइडची ‘अलादीन’ नावाची ही पाटी चार तुकड्यांची असते, त्यातला एक तुकडा इथे वापरला. त्या चतकोरावर मृग नक्षत्रातल्या तेजोमेघाच्या पोटातला ताऱ्यांचा पुंजका टिपला गेला. मॅकनीलचा तेजोमेघही टिपला गेला. हा तेजोमेघ २००४ मध्ये अमेरिकेतल्या एका हौशी निरीक्षकाला घरामागच्या अंगणातून, तीन इंची दुर्बिणीने सापडला होता. पुढे हाच कॅमेरा नैनितालजवळच्या देवस्थळला, ३.६ मीटरच्या मोठ्या दुर्बिणीवर गेला. दुर्बीण डोंगराला बांधलेली असते. कॅमेरा आणि तो जाणणारी माणसे एका डोंगरावरून दुसऱ्या डोंगरावर जाऊ शकतात. माझ्या म्हणण्याचा पाया हाच आहे.

मुळात अशा वेगळ्या कॅमेऱ्याची गरज का पडते? डोळ्याला दिसणारा प्रकाश अवकाशातल्या धुळीत अडकतो, लांब लहरींचा अवरक्त प्रकाश बराचसा पार होतो. आपल्या आकाशगंगेच्या केंद्राकडून निघालेल्या दृश्य प्रकाशकणांपैकी आपल्यापर्यंत पोहोचतो तो साधारण एक लाख कोटींतला एक. २.२ मायक्रॉनच्या अवरक्त पट्ट्यात दहा-बारांतला एक पोहोचतो. तिथले तारे वर्षानुवर्षे टिपून केंद्रातल्या महाकाय कृष्णविवराचे वजन काढता आले आणि त्या कामाला २०२० चे नोबेल मिळाले, ते याच फरकामुळे. पण आपल्या मोबाइलमधली सिलिकॉनची चिप १.१ मायक्रॉनच्या पुढे आंधळी असते. टीव्हीच्या रिमोटचा दिवा मोबाइलमधून लुकलुकताना दिसतो, तिथवर तिची धाव. त्यापुढे वेगळे पदार्थ लागतात आणि ते तापलेले चालत नाहीत. ‘तापलेले’ म्हणजे आपल्या घरातल्या तपमानाचे! प्रत्येक वस्तू आपल्या उबेमुळे अवरक्तात उजळते: भिंत, आरसा, कॅमेऱ्याची पेटी, शेजारी उभा असलेला माणूसही. म्हणून टिरकॅमचा डिटेक्टर निर्वात पेटीत, बंद चक्रात फिरणाऱ्या हेलियमच्या साहाय्याने ३५ केल्व्हिनपर्यंत, म्हणजे उणे २३८ अंश सेल्सिअसपर्यंत थंड करतात. घाई केली तर वेगवेगळ्या धातूंचे आकुंचन वेगवेगळे होऊन नाजूक जोड तडकू शकतात. निर्वातात कुठे बारीकशी गळती राहिली तर आत शिरलेली वाफ थंड भागांवर हिमासारखी धरते आणि ती रात्र गेली.

थंडावा जमला तरी काम तिथे संपत नाही. निकट-अवरक्तात अमावस्येचे आकाशही काळे नसते. जमिनीपासून सुमारे ९० किलोमीटर उंचीवरचे हायड्रॉक्सिल रेणू स्वतःच प्रकाशतात आणि त्यांची चमक काही मिनिटांत कमीजास्त होते. शोधायचा तारा आकाशाच्या एवढ्याशा तुकड्याच्या उजेडाहून शंभरपट मंद असणे हे इथले नेहमीचेच. म्हणून एक लांबलचक फोटो काढून चालत नाही. छोटे छोटे फोटो घ्यायचे, प्रत्येक वेळी दुर्बीण किंचित सरकवायची, म्हणजे तारा जागा बदलतो आणि डिटेक्टरचे डाग जागच्या जागी राहतात. मग सगळ्या फोटोंतून आकाशाचा सामाईक उजेड काढून वजा करायचा. ३.६ मायक्रॉनच्या पट्ट्यात तर दुर्बीणच दिव्यासारखी उजळते, म्हणून तिथे सेकंदाच्या छोट्या अंशाच्या शेकडो प्रतिमा घ्याव्या लागतात. या सगळ्यात निर्णय कोण घेते? ढगाचा पातळ पडदा आला की नाही, दमटपणा कोणत्या आकड्याला घुमट बंद करायला लावेल, आकाश मोजायला आता किती वेळ द्यायचा, कॉम्प्रेसरचा आवाज बदलला त्याचा अर्थ काय, हे ओळखायला शिक्षण लागते, पण केवळ शिक्षण पुरत नाही. सराव लागतो, आणि तो एकाच यंत्राशी वर्षानुवर्षे राहिल्यानेच येतो.

माणूस गेला की यंत्राचे काय होते, हे पुण्याने एकदा पाहिले आहे. १८८८ मध्ये सायन्स कॉलेजात, म्हणजे आजच्या सीओईपीत, भावनगरच्या महाराजांच्या देणगीतून तख्तसिंगजी वेधशाळा सुरू झाली. तिथली २० इंची दुर्बीण त्या काळी देशातली सर्वांत मोठी होती. कावसजी नायगमवालांनी तिच्यावर एकहाती काम केले आणि जानेवारी १८९८ च्या खग्रास ग्रहणाचे वेध सोलापूर जिल्ह्यातल्या जेऊरला जाऊन घेतले. (नगर तालुक्यातले जेऊर ते नव्हे.) १९१२ मध्ये ते निवृत्त झाले, वेधशाळा बंद झाली आणि दुर्बीण कोडाईकनालला रवाना झाली. पैसा होता, आरसा होता, आकाशही तेच होते. दुसरी पिढी तयार केलेली नव्हती.

आता आक्षेपांकडे वळू. पहिला आणि सर्वांत वजनदार आक्षेप असा की महाराष्ट्र ही अवरक्त निरीक्षणाची जागाच नव्हे. हवेतली वाफ हा प्रकाश गिळते, गिरवली जेमतेम हजार मीटरवर आणि लडाखमधले हानले साडेचार हजार मीटरवर. हे खरेच आहे, आणि दुर्बीण मागू नका असे म्हणण्याचे एक कारणही तेच. पण गिरवलीच्याच आकाशात टिरकॅम-२ ने ३.६ मायक्रॉनच्या पट्ट्यातही काही ठळक तारे टिपले होते. कमअस्सल जागा यंत्राच्या चाचणीला आणि माणसाच्या शिक्षणाला उत्तम असते. हानलेच्या कोरड्या, महागड्या रात्री स्क्रू कुठे ढिला आहे हे शोधण्यात घालवणे कोणालाच परवडणारे नाही.

दुसरा आक्षेप जेम्स वेब दुर्बिणीचा. डिसेंबर २०२१ मध्ये उडालेल्या या साडेसहा मीटरच्या दुर्बिणीपुढे जमिनीवरच्या छोट्या कॅमेऱ्यांचे काम काय उरले? बरेच उरले. वेबला एका वेळी आकाशाचा ठरावीक पट्टाच पाहता येतो, तिचा प्रत्येक तास जगभरच्या अर्जदारांत वाटला जातो, आणि ठळक ताऱ्यांनी तिचे डिटेक्टर दिपून जातात. आज अचानक उजळलेल्या नवताऱ्याकडे महिनाभर रोज पाहायला तिला सवड नाही. २०१४ मध्ये ‘एम ८२’ दीर्घिकेत अतिनवतारा फुटला तेव्हा अबूच्या गुरुशिखरावरच्या १.२ मीटरच्या दुर्बिणीने त्याचा अवरक्त पाठपुरावा केला. २०१७ मध्ये दोन न्यूट्रॉन तारे एकमेकांवर आदळले, त्याचा निळसर उजेड काही दिवसांत मावळला, पण अवरक्त उजेड त्याहून जास्त टिकला. जड मूलद्रव्ये तिथे घडली याची साक्ष त्याच उजेडाने दिली. हिंगोली जिल्ह्यातल्या औंढा नागनाथजवळच्या, गुरुत्वीय लहरी टिपणाऱ्या लायगो-इंडिया वेधशाळेला केंद्राने एप्रिल २०२३ मध्ये सुमारे २६०० कोटी रुपयांची मंजुरी दिली आहे. ती वेधशाळा अशा टकरींची वर्दी देऊ लागेल तेव्हा त्याच रात्री तिकडे वळवायला चालू स्थितीतला, थंड केलेला कॅमेरा आपल्याकडे नसेल, तर निमंत्रण छापून स्वयंपाक न केल्यासारखे होईल.

डिटेक्टर परदेशातूनच आणावा लागतो, निर्यातीचे निर्बंधही असतात; मग इथले कौशल्य कशाला, असेही कोणी म्हणेल. उलट आहे. जो भाग पुन्हा सहज मिळणार नाही, तो सांभाळणारा हात जास्त मोलाचा. संगणकच आता सगळे चालवतात, हा आक्षेप अर्धाच खरा आहे. फोटोंची मालिका संगणक घेतो, दुर्बीण सरकवतो, वजाबाकीही करतो. गळणारी ओ-रिंग तो बदलत नाही.

आणि इथे अहिल्यानगरचा संबंध येतो, ओढूनताणून नव्हे. निर्वात आणि शीतकरण या दोन विद्या या जिल्ह्याच्या पोटापाण्याच्या आहेत. प्रवरानगरला १९५० मध्ये सहकारी साखर कारखाना उभा राहिला तेव्हापासून इथला पॅनमन निर्वातात रस उकळतो, कारण हवेचा दाब कमी केला की रस कमी उष्णतेवर आटतो आणि साखर करपत नाही. पंपाची ओढ कमी झाली की त्याला ते काट्यावर दिसायच्या आधी कळते. संगमनेर-राहात्याच्या दूधपट्ट्यात बल्क कुलर आणि शीतकरण केंद्रे गावोगाव आहेत. संध्याकाळचे दूध चार अंशांवर यायला उशीर झाला तर नुकसान कोणाचे, हे तिथल्या पोराला सांगावे लागत नाही. चार अंश आणि उणे २३८ अंश यांत अंतर प्रचंड आहे, कारखान्याचा निर्वात कॅमेऱ्याच्या पेटीतल्या निर्वातापुढे भरलेल्या गोणीसारखा आहे, हे मान्य. पण यंत्राचा कान तयार होतो तो अशाच ठिकाणी. नगर शहरात डीआरडीओची वाहन संशोधन प्रयोगशाळा आहे, लोणी, संगमनेर, कोपरगावला अभियांत्रिकीची मोठी संकुले आहेत. नाही ते एवढेच, की या मुलांना कॅमेऱ्याच्या पेटीपर्यंत नेणारी वाट.

यातून नोकऱ्या किती मिळणार? थोड्याच, शेकड्यांतही नाहीत. कांद्याचा भाव किंवा निळवंडेचे पाणी यांच्यापुढे हा प्रश्न मांडूच नये, आणि मी तो तसा मांडत नाही. पण निर्वात-शीतकरण शिकलेला माणूस फक्त दुर्बिणीवर अडून राहत नाही. रुग्णालयातले एमआरआय यंत्र द्रव हेलियमवर चालते आणि सेमीकंडक्टरच्या कारखान्याचे पानही निर्वाताशिवाय हलत नाही. म्हणून मागणी नेमकी हवी: संशोधन संस्थांनी यंत्र-तंत्रज्ञांची कायम पदे निर्माण करावीत, प्रकल्प संपला की संपणारी कंत्राटे नव्हेत, आणि त्यांतल्या शिकाऊ जागा दुर्बिणींच्या परिसरातल्या आयटीआय आणि पदविका संस्थांसाठी राखाव्यात. वेळापत्रकही आयतेच जुळलेले आहे. जून ते सप्टेंबर गिरवलीचा घुमट पावसामुळे बंद असतो, आणि तेव्हा कारखान्यांचे गाळपही थांबलेले असते. कॅमेऱ्याची पेटी उघडायची, गळती शोधायची आणि पंपाचे तेल बदलायचे दिवस तेच. कारखान्यात ओव्हरहॉलिंगचे दिवसही तेच.